न फुटलेल्या अंड्यांची जबानी

घरगुती इनक्युबेटरमध्ये तीस अंडी ठेवली आणि तेविसाव्या दिवशी खोक्यात नऊच पिल्ले चिवचिवत असली, की पुढचा कार्यक्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. उरलेली एकवीस अंडी उकिरड्यावर जातात आणि यंत्र खोलले जाते. थर्मोस्टॅट बदलतो, बल्ब जास्त वॅटचा येतो, पाण्याच्या वाट्या एकीऐवजी दोन होतात. पुढची खेप लागते आणि पुन्हा नऊ-दहाच पिल्ले निघतात.

या सगळ्या खटाटोपात जी वस्तू आधी फेकली गेली, तोच खरा पुरावा होता. न फुटलेले अंडे फोडून आतला गर्भ साधारण कितव्या दिवशी मेला हे पाहिले, तर दोष कुठे शोधायचा हे बऱ्याच अंशी ठरते. यंत्र, कोंबडा, खाद्य, अंडी साठवलेली खोली, पाण्याची वाटी यांपैकी प्रत्येकाचा बळी घेण्याचा काळ वेगळा असतो. मोठ्या हॅचरीत ही तपासणी नेहमीची असते. घरी ती कोणी करत नाही, याचे मुख्य कारण वास. वास येतोच. अंगणात, हातमोजे घालून आणि नाकाला रुमाल बांधून ती करावी, पण करावी.

तपासायला बसण्याआधी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. उत्तम चाललेल्या उबवणीतही काही गर्भ मरतात, आणि ते सगळ्या दिवसांत सारखे विखुरलेले नसतात. पहिली गळती दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास होते. तेव्हा गर्भाचे हृदय आणि रक्तवाहिन्या नुकत्या तयार होत असतात. दुसरी, अधिक मोठी गळती अठराव्या दिवसानंतर होते. पिल्लू तेव्हा अंड्यात फिरून नीट बसते, बलक पोटात ओढून घेते आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेते. मधले दिवस तुलनेने शांत असतात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडी अंडी गेली तर घाबरण्यासारखे काही नसते. मधल्या दिवसांतच ढीग पडला, तर मात्र काहीतरी ठळक बिघडलेले आहे.

आता पहिला ढीग. उजेडावर धरली तर आरपार स्वच्छ दिसणारी, आत काहीच न वाढलेली अंडी. यांची मोजणी वेगळी ठेवली नाही तर सगळा हिशेबच चुकतो. तीस अंड्यांपैकी बारा फळलेलीच नव्हती असे समजले, तर यंत्राने अठरातून नऊ पिल्ले दिली, म्हणजे निम्मी. तीसपैकी वीस वांझ असती, तर त्याच यंत्राने दहातून नऊ पिल्ले काढली असे झाले असते आणि त्याला शाबासकी द्यावी लागली असती. तरीही घरात बोल यंत्रालाच लागला असता.

ही तपासणी सातव्या दिवशी करणे उत्तम. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च किंवा पुठ्ठ्याच्या नळीतला एलईडी अंड्याच्या बोथट बाजूला लावला, की जिवंत गर्भ कोळ्यासारखा दिसतो. मध्ये काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल रेषा. काहीच न दिसणारे अंडे बाजूला काढून बशीत फोडावे. बलकावर लहानसा, ओबडधोबड पांढरा ठिपका असेल तर ते अंडे फळलेलेच नव्हते. कडे उमटल्यासारखे पसरट, फिकट वर्तुळ दिसले तर ते फळलेले होते, पण वाढ सुरू होताच थांबली. तेविसाव्या दिवशी हा फरक ओळखू येत नाही, कारण तोवर आतले सगळे पातळ होऊन गेलेले असते.

अंडी खरोखरच वांझ निघाली, तर यंत्राकडे पाहूच नये, खुराड्याकडे पाहावे. किराणा दुकानातली पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांची असतात आणि तिथे कोंबडाच नसतो. तरीही हौसेने तीच यंत्रात लावणारे लोक आहेत. गावठी कळपात आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा मानतात. पण तो म्हातारा असला, पायाने अधू असला किंवा त्याच्या दोन-तीन लाडक्याच असल्या, तर कागदावरचे प्रमाण काही कामाचे नसते. उन्हाळा हे आणखी एक कारण. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा कोंबडा खात नाही, पंख पसरून सावलीत धापा टाकतो, आणि त्याच्या बीजाची गुणवत्ताही उतरते. उलट, एकदा संबंध आल्यावर कोंबडीच्या शरीरातल्या सूक्ष्म नळ्यांत नराचे बीज साठून राहते आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत ती फळलेली अंडी देऊ शकते. त्यामुळे नर विकल्यावर लगेच फरक दिसत नाही, आणि नवा नर आणला तर पहिले काही आठवडे पिल्ले नेमकी कोणाची हेही सांगता येत नाही. कडकनाथाची शुद्ध पिल्ले म्हणून पैसे मोजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

गावच्या कळपात आणखी एक दुखणे हळूहळू वाढत जाते. एकच कोंबडा तीन-चार वर्षे ठेवायचा, त्याच्याच मुलींना त्याच्याकडून किंवा त्याच्या मुलाकडून फळवायचे, आणि पिल्ले कमी होत गेली की हवामानाला दोष द्यायचा. जवळच्या नात्यातल्या संकराने उबवणक्षमता घटते, हे कुक्कुटशास्त्रातले फार जुने निरीक्षण आहे. शेजारच्या गावातून एक नर बदलून आणणे हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

फळलेले, पण अगदी सुरुवातीला थांबलेले अंडे निघाले, तर बोट साठवणीकडे जाते. कोंबडी अंडे घालते तेव्हा आतला गर्भ आधीच हजारो पेशींचा झालेला असतो. साधारण २०-२१ अंशांच्या खाली तो निजलेला राहतो. खोलीत ३० अंश असतील तर तो अर्धवट जागा होतो, वेडावाकडा वाढतो आणि यंत्रात जाण्याआधीच दुबळा होतो. म्हणून उबवणीची अंडी १३ ते १८ अंशांत, सात दिवसांच्या आत लावावीत असे सांगतात. फ्रीजमध्ये ४ अंश असतात, ते फारच थंड. आपल्याकडे मार्चनंतर १८ अंशांची खोली कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. माठाभोवती ओले पोते गुंडाळून, त्यात कोरड्या टोपलीत अंडी ठेवली आणि वर ओले फडके टाकले, तर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कित्येक अंशांचा फरक पडतो. कोकणात ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तिथली हवा पाणी उडू देत नाही. तिथे तीन-चार दिवसांची अंडी साठली की लगेच लावणे हाच शहाणपणा. फार दिवस साठवलेल्या अंड्यांतली जी फुटतात, तीही उशिरा फुटतात.

कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने आलेल्या अंड्यांची गोष्ट वेगळी. हादऱ्यांनी बोथट बाजूची हवेची पोकळी सुटून अंड्यात इकडेतिकडे हलू लागते. टॉर्च लावून अंडे तिरके केले की ती पातळीतल्या बुडबुड्यासारखी सरकताना दिसते. अशी अंडी निमुळते टोक खाली ठेवून निदान बारा ते चोवीस तास शांत ठेवावीत आणि मगच यंत्रात लावावीत. तरीही घरच्या अंड्यांइतका निकाल त्यांच्याकडून मागू नये.

दुसरा ढीग रक्ताच्या कड्याचा. अंड्यात लाल वर्तुळ, मध्ये काही नाही किंवा वाटाण्याएवढा काळसर ठिपका. गर्भ पहिल्या आठवड्यात मेला आणि रक्त कडेला सरकून साचले. दोन-तीन अंडी अशी निघाली तर सोडून द्यावीत. आठ-दहा निघाली तर तापमान हा पहिला संशयित.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे अंगात कणकण असल्यावर दाखवेल तेवढे ९९.५ फॅरनहाइट, हे कोंबडीच्या अंड्यांचे तापमान. पंखा नसलेल्या पेटीत हवा थरांत साचते. वर गरम, तळाशी गार. म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे लागतात. इथेच अनेकांची गफलत होते. पंख्याच्या यंत्राचा आकडा बिनपंख्याच्या पेटीत वापरला, किंवा सेन्सर झाकणाला टांगला आणि अंडी खाली पंधरा सेंटिमीटरवर राहिली. पडद्यावर ३७.५ दिसते आणि अंड्यांना ३५ मिळते.

थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, संगणकाचा जुना पंखा आणि डब्ल्यू १२०९ नावाचे छोटे तापमान-नियंत्रक सर्किट, हा आज घरगुती यंत्राचा सर्वांत लोकप्रिय नमुना आहे. हे सर्किट वाईट नाही. पण बल्ब बंद होणे आणि पुन्हा लागणे यांतले अंतर त्यात मुळात दोन अंशांचे ठरवलेले असते. ते अर्ध्या अंशाच्या आत आणले नाही, तर पेटी दिवसभर वरखाली झोके घेत राहते. लहान पेटीत मोठा बल्ब लावला तर बंद झाल्यावरही त्याची उष्णता आकडा ओलांडून जाते. एका साठ वॅटच्या बल्बपेक्षा पंचवीस-पंचवीसचे दोन लावणे बरे, कारण रात्री एक उडाला तरी दुसरा धुगधुगी राखतो. आणि २३० व्होल्टच्या तारा पाण्याच्या वाटीवरून लोंबकळू देऊ नयेत. हा सल्ला अंड्यांसाठी नसून माणसांसाठी आहे.

तापमापकावर विश्वास ठेवण्याआधी त्याचीही परीक्षा घ्यावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो नेमका याच टप्प्यात अचूक असावा म्हणून बनवलेला असतो. थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही एकत्र बुडवावेत आणि हलवत राहावे. यंत्राचा सेन्सर एक अंश कमी दाखवत असेल तर एवढ्यानेच मागच्या तीन खेपांचा उलगडा होतो. एक अंशाने काय बिघडते असे वाटेल, पण थंडी आणि उष्णता इथे सारख्या नाहीत. तीन-चार तास ३५ अंश राहिले तर गर्भाची वाढ मंदावते, इतकेच. ४०.५ अंश पाव तास राहिले तरी गंभीर इजा होऊ शकते. म्हणून वीज गेली की घाबरून गरम पाण्याच्या बाटल्या खुपसणाऱ्यांपेक्षा पेटी न उघडता वर गोधडी टाकून स्वस्थ बसणाऱ्यांची पिल्ले जास्त वाचतात. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी अंडी सोडून उठतेच. उबवणीचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला असेल तर गर्भ स्वतःही उष्णता निर्माण करत असतो. मात्र अठराव्या दिवसानंतर गोधडीने हवेची भोके बुजवू नयेत.

याची उलट बाजू विदर्भ-खानदेशातल्या घरांना माहीत हवी. थर्मोस्टॅट पेटी तापवू शकतो, गार करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४१ अंश झाले की बल्ब बंद असूनही अंडी शिजण्याच्या वाटेला लागतात. रात्री सगळे आलबेल दिसते, आकडा ३७.५, आणि कोणालाच काही कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत यंत्र घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत हवे. ते जमत नसेल तर त्या दोन महिन्यांत उबवणीच करू नये.

तापमानाची खूण जिवंत पिल्लांवरही उमटते. सगळी विसाव्या दिवशीच बाहेर आली, अंगाने बारकी आणि बेंबी नीट न मिटलेली, तर यंत्र गरम चालले. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी रेंगाळत आली, पोट मोठे आणि चालणे मंद, तर गार चालले. दोन-तीन दिवस पसरून आली तर पेटीच्या एका कोपऱ्यात ऊन आणि दुसऱ्यात थंड असे काहीतरी आहे, किंवा अंडी कमी-जास्त जुनी होती. दिवस मोजतानाही घोळ होतो. शनिवारी लावलेली अंडी तीन आठवड्यांनी शनिवारीच फुटायची. लावल्याचा शनिवार पहिला दिवस धरला की माणूस एक दिवस आधीच काळजी करू लागतो.

या बाबतीत इजिप्तची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाईलच्या खोऱ्यात मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या उबेत फुटतात, अशी नोंद अॅरिस्टॉटलने केली आहे. तिथल्या कारागिरांकडे तापमापक नव्हता. ते अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावत आणि त्या स्पर्शावरून जाळ वाढवायचा की झरोका उघडायचा ते ठरवत. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तीच कला तापमापक घेऊन करून पाहिली, गरम शेणखतात पिंपे पुरून त्यांत अंडी उबवली आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. इजिप्शियन कारागीर मात्र भट्टीजवळच राहत आणि अंडी सतत हाताळत. आपण आकडा लावून कामाला निघून जातो.

तिसरा ढीग मधल्या दिवसांचा. डोळा स्पष्ट, चोच आलेली, पिसांची लव फुटू लागलेली, म्हणजे आठवा ते सतरावा दिवस. इथे मृत्यू वाढले तर प्रश्न तीन. मध्ये कधी बराच वेळ वीज गेली होती का, किंवा पेटी तापली होती का? अंडी घाणेरडी होती का? आणि कोंबड्या काय खातात?

खाद्याचा मुद्दा सहसा कोणाला सुचत नाही. लेअरचे खाद्य खाण्याच्या अंड्यांसाठी बनवलेले असते. त्यावर कोंबडी भरपूर अंडी घालते, दिसायला झकास. पण अंड्यातून पिल्लू उभे राहायला जीवनसत्त्वे कितीतरी अधिक लागतात. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, कमी पडले तर गर्भ मध्यावर मरतो आणि त्याची लव गाठी मारल्यासारखी आखूड, वळलेली दिसते. जी पिल्ले निघतात त्यांतल्या काहींची बोटे आत मुडपलेली असतात. अशी लव दिसली की थर्मोस्टॅटला हात लावू नये. कोंबड्यांना ब्रीडर खाद्य किंवा जीवनसत्त्वांची पूरक मात्रा द्यावी, लसूणघास घालावा, मोकळे चरू द्यावे आणि दोन-तीन आठवड्यांनंतरची अंडी लावावीत. नुसती ज्वारी-मका फेकून उबवणीची अंडी मागणे म्हणजे फुकटची अपेक्षा.

घाणीबद्दल एकच गोष्ट. मळकी अंडी थंड पाण्याने धुतली तर घाण निघत नाही, ती आत शिरते. कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात आणि गार होताना अंडे बाहेरचे ओढून घेते. फार मळलेले अंडे खायला घ्यावे, थोडे मळलेले कोरड्या खरखरीत फडक्याने पुसावे. काळपट, वास येणारे, घाम फुटल्यासारखे ओलसर अंडे दिसले की अलगद उचलून बाहेर न्यावे. पेटीत त्याचा बार उडाला तर बाकीच्या अंड्यांवर जंतूंचा सडा पडतो.

आता सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त गैरसमजांचा ढीग. पूर्ण वाढलेले पिल्लू, पिसे आलेली, आणि अंड्यातच मेलेले. लोक म्हणतात, ओल कमी पडली. आणि पुढच्या खेपेला पहिल्या दिवसापासून दोन वाट्या पाणी. अनेकदा हेच चूक असते, कारण अशा मृत्यूची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

अठरा दिवसांत अंड्याने आपल्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी बाहेर टाकायचे असते. त्या पाण्याची जागा हवा घेते, बोथट टोकाची पोकळी वाढत जाते आणि एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पडदा फोडून तिच्यातच पहिला श्वास घेते. ओल जास्त राहिली तर पाणी बाहेर जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेले आणि चिकट द्रवात बुडालेले सापडते. ओल कमी राहिली तर पोकळी फार मोठी होते, पडदा चामड्यासारखा कोरडा, पिल्लू बारके आणि पडद्याला चिकटलेले. अंडे फोडल्यावर ओले की कोरडे, हे बोटालाच कळते. त्या एका निरीक्षणावर पुढच्या खेपेचे पाणी ठरते.

पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, हा पुस्तकी आकडा. तो टिकवायला किती पाणी लागेल, हे मात्र गावावर आणि महिन्यावर ठरते. जुलैत रत्नागिरीत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते. तीच हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांना तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप पन्नासच्या आसपास येते. म्हणजे वाटीची गरजच नाही, ठेवली तर पिल्ले बुडतात. डिसेंबरात पुण्याची पहाटेची १२ अंशांची, ८५ टक्के ओल असलेली धुक्याची हवा आत तापून २० टक्क्यांपेक्षाही कोरडी होते. बाहेर गवतावर दव आणि आत वाळवंट. त्यामुळे चिपळूणच्या पाहुण्याने सांगितलेली पाण्याची युक्ती जुन्नरला फसते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

बाजारातले दोनशे-तीनशे रुपयांचे आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात. त्यांची तपासणीही स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी ते चिखलासारखे ओले करायचे आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात कमी सांगतो.

खरे तर मापकापेक्षाही वजनकाटा भरवशाचा. दहा गावठी अंडी मिळून ४५० ग्रॅम भरली असे समजू. सातव्या दिवशी ती ४२९ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ४०८ आणि अठराव्या दिवशी ३९६ ग्रॅम हवीत. सातव्या दिवशीच ४४० असतील तर पाणी काढून टाकावे, ४१५ असतील तर वाढवावे. मापक काहीही म्हणो, अंड्यांना काय झाले ते काटा सांगतो. आणि पाणी वाढवायचे म्हणजे खोल भांडे नको, पसरट हवे. किती पाणी उडेल हे पृष्ठभागावर ठरते, खोलीवर नाही. नरसाळे आणि नळी लावून झाकण न उघडता ते भरता आले तर फारच छान.

अंडी फिरवण्याची हयगयही शेवटी उघडकीला येते, मात्र चूक पहिल्या आठवड्यातली असते. अंडे एकाच कुशीवर राहिले तर गर्भ आणि त्याचे पडदे कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतात, पांढऱ्याचा वापर नीट होत नाही. ब्रिटनमधील डी. ए. टी. न्यू यांनी १९५७ साली चौथ्या ते सातव्या दिवसांचा काळ यासाठी नाजूक असल्याचे दाखवले. हाताने फिरवणाऱ्यांनी एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावे. विषम संख्येमुळे रात्रीची लांब कूस रोज बदलते. अठराव्या दिवशी थांबावे. अंडी कधीही निमुळते टोक वर करून मांडू नयेत. तशा अंड्यांत पिल्लाचे डोके हवेच्या पोकळीच्या विरुद्ध टोकाला जाऊ शकते आणि मग त्याला श्वास घेण्याची जागाच सापडत नाही.

कवचाला टोचा मारून मेलेली पिल्ले हा या ढिगातला सर्वांत जिवाला लागणारा भाग. इथे दोन कारणे वारंवार दिसतात. ओल टिकवायच्या नादात हवेची भोके बुजवलेली असतात. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो, नेमके तेव्हाच माणूस चिकटपट्टी लावून बसतो. दुसरे कारण कौतुक. पहिले पिल्लू आले की मुलांना दाखवायला, फोटो काढायला झाकण दर दहा मिनिटांनी उघडते. ओल एका क्षणात निघून जाते आणि ज्या पिल्लांनी नुकते भोक पाडले आहे त्यांच्याभोवतीचा पडदा वाळून आवळला जातो. बाहेर आलेल्या पिल्लाला घाई नसते. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून दूरदूर पाठवता येतात ती याच जोरावर.

मदत करण्याचा मोह हाही एक मारेकरी. टोचा मारल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ पिल्लू नुसते पडून असते. बाहेरून ते थकल्यासारखे वाटते. आत मात्र पडद्यातले रक्त शरीरात परत जात असते आणि बलकाचा शेवटचा भाग पोटात शिरत असतो. सातव्या तासाला कवच सोलणारा माणूस रक्तवाहिन्या तोडतो. चोवीस तास उलटून गेले, पडदा तपकिरी आणि वाळका दिसतो आहे, तर कोमट पाण्याचे बोट लावून थोडे कवच काढायला हरकत नाही. पडद्यात लाल रेषा दिसली की हात मागे.

इतके सगळे सांभाळल्यावर फळलेल्या अंड्यांतून ऐंशी टक्क्यांच्या आसपास पिल्ले निघाली, तर घरगुती पेटी उत्तम चालली असे समजावे. शंभर टक्क्यांचे फोटो दाखवणारे सहसा सातव्या दिवशी काढून टाकलेल्या अंड्यांचा हिशेब सांगत नाहीत. नोंदवहीत प्रत्येक खेपेचे चार आकडे ठेवले तरी पुरे: वांझ, पहिल्या आठवड्यात मेलेली, मध्यावर मेलेली, शेवटी मेलेली. दोन-तीन खेपांत कुठला रकाना फुगतो ते दिसते. आणि पुढच्या खेपेला एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची. नर, खाद्य, बल्ब आणि पाणी एकदम बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

एवढा व्याप नको असेल त्यांच्यासाठी दुसरी वाट आहेच. खडकी, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, आणि खाजगी हॅचऱ्याही आहेत. तिथून एक दिवसाची पिल्ले आणावीत. घरात दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी असेल तर ही पिल्ले रात्री, अंधारात, एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवावीत आणि तिची अंडी काढून घ्यावीत. सकाळी बहुतेक कोंबड्या ती आपलीच समजून घेऊन हिंडू लागतात. एखादी टोचून हाकलते, म्हणून पहिल्या दिवशी उजाडताच खुराड्यावर नजर ठेवावी आणि ब्रूडरचा बल्ब तयार असू द्यावा.